धुतलेली हक्करकी

हक्करकी आली. मागच्या सोमवारी सकाळी दुधाची पिशवी घेऊन परतताना कोपऱ्यावरच्या हातगाडीवर दिसली. मेथीच्या जुड्यांच्या आड, ओल्या पोत्यावर, करवतीसारख्या कडांच्या पानांचे लहान लहान गड्डे मांडून ठेवले होते. मुळांना अजून शेतातली माती होती. माझा हात पुढे झाला आणि थांबला. गाडीवरची बाई म्हणाली, "घ्या की अज्जा, ताजी आहे." मी मान हलवून पुढे निघालो. ताजी हा शब्द मात्र घरापर्यंत मागोमाग आला.

पलीकडे महाराष्ट्रात हिला पाथरी म्हणतात असं ऐकतो. आमच्या धारवाडकडे ही हक्करकी. पाऊस सरून थंडी उतरली आणि शेतात जोंधळा कमरेला लागला, की त्याच्या पायाशी ही आपसूक पसरते. चव आधी कडसर, मग मागून कुठून तरी गोड. हिला शिजवायचं नसतं. शिजवली की तिचं काही उरत नाही. जोंधळ्याची गरम भाकरी, शेंगांची चटणी, तिच्यावर तेलाचा थेंब आणि सोबत हे थंडगार पान. दातांखाली पान मोडल्याचा आवाज आला की हिवाळा सुरू झाला असं आम्ही समजायचो. बाकीचं जग पंचांग बघत असेल.

गेले पंधरा हिवाळे मी कच्चं पान तोंडात घातलेलं नाही. आमच्या सप्तापूर भागातल्या लोकांना ते रास्तच वाटतं. ज्याने उभा जन्म कॉलेजात सूक्ष्मजंतू शिकवले, तो कच्चा पाला कसा खाईल? मुलं मागून मला जंतूमास्तर म्हणायची. तो समज मी राहू दिला, कारण तो सोयीचा होता. खरं कारण एक बाई आहे. तिचं नाव गंगव्वा. आता मी पंच्याहत्तर वर्षांचा आहे आणि तिच्याबद्दल या गल्लीत मी जे सांगितलं होतं ते खोटं होतं, एवढं लिहून ठेवायचं आहे.

गंगव्वा अळणावरच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातून पहिल्या बसने यायची. थंडीत सकाळचं धुकं युनिव्हर्सिटीच्या टेकडीवरून खाली उतरलेलं असे आणि त्यातून आधी तिचा आवाज येई, मग डोक्यावरची बुट्टी, मग ती. मेथी, शेपू, कोवळा मुळा, हिरव्या पातीचा कांदा आणि मधोमध हक्करकी. इतर बायकांच्या भाज्या चिखलाने माखलेल्या असत. हिच्या पानांवर मातीचा कणही नसे. वीस वर्षं ती आमच्या दारात बसली. तिचं सगळं बोलणं कानडीत, आमच्या घरातलं मराठीत, आणि कोण कुठल्या भाषेत काय म्हणालं हे नंतर कुणालाच आठवत नसे.

"मास्तर, तुमचे ते किडे आज पकडले की नाही?" बुट्टी उतरवता उतरवता ती विचारायची.

"पकडले. तुझ्या मेथीत होते," मी म्हणायचो.

"मग त्यांचे पैसे वेगळे द्या. मी मेथीचेच घेते."

सुमती, माझी बायको, आतून हसत यायची. दोघींचं भाजी निवडणं तासभर चाले. जोंधळ्याला कणीस धरलं का, लेकीला दिवस गेले का, सुनेचं पटतं का. गंगव्वाच्या धाकट्या लेकीच्या लग्नात सुमतीने इरकल लुगडं दिलं होतं, स्वतः दुकानात जाऊन निवडलेलं. मागच्या कट्ट्यावर गंगव्वासाठी एक पितळी पेला पालथा घातलेला असायचा. तो वेगळा होता. तिला वावगं वाटलं असेल तर तिने कधी सांगितलं नाही, आणि आम्हाला वाटलं नाही हे मी आता सांगतो आहे. मागच्या नळाचं पाणी त्या पेल्यात घेऊन ती गटागटा प्यायची आणि उठायची.

मग शेवटचं काम माझं. भरलेली बुट्टी एकटीने डोक्यावर चढत नाही. समोरून कुणीतरी हात लावावा लागतो. शेवटचं घर आमचं, म्हणून हात माझा. ती खाली वाकायची, आम्ही दोघं मिळून बुट्टी उचलायचो, ती मान ताठ करून चुंबळ सारखी करायची आणि म्हणायची, "बर्तीनरी." येते हं. वीस वर्षांत त्या बुट्टीचं वजन माझ्या हातांना इतकं पाठ झालं होतं, की मुळा जास्त आहे की मेथी हे मला न बघता कळायचं.

आमच्या गावात पाणी हा घरातल्या माणसासारखा विषय आहे. तो कधी येणार, आला का, किती वेळ थांबला. तेव्हा नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं, कधी दहा. ज्याच्या घरी जमिनीखाली मोठी टाकी, तो सुखी. आम्ही हौसेने मोठी बांधली होती. इथे सगळे तिला संप म्हणतात. अंगणात, गुलाबांच्या वाफ्याशेजारी. मागच्या नळाला तिचंच पाणी. गुलाब सुमतीचे. इथली तांबडी माती त्यांना मानवेना म्हणून मी नवलगुंदकडून एक ट्रॉली काळी माती आणवून टाकीच्या अंगाने भरली होती. त्या मातीचा स्वभाव इथे कुणालाही ठाऊक आहे. पावसात फुगते, थंडीत आक्रसते आणि आक्रसताना जे धरलेलं असेल ते ओढते. मलाही ठाऊक होतं. पण गुलाब काय सुंदर आले होते!

पिण्याचं पाणी आमच्याकडे उकळून, गाळून, तांब्याच्या कळशीत. त्या बाबतीत मी घरात हुकूमशहा होतो. भाजी धुण्याचं पाणी कोण उकळतो?

आणि धुणं तर सुमतीचं व्रतच होतं. माझ्या आईपासून चालत आलेलं. बाहेरचं पान स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडण्याआधी मागच्या नळावर न्हाऊन येई. पितळी घमेल्यात तीनदा पाणी बदलायचं, मग ओल्या फडक्यात गुंडाळून शिंकाळ्यात. गंगव्वाने विहिरीवर धुऊन आणलेलं पान सुमती पुन्हा धुवायची. गंगव्वा चिडवायची, "अक्का, किती धुता? रंग जाईल त्याचा." मला या दुहेरी धुण्याचा अभिमान होता. वर्गात उदाहरण म्हणून सांगायचो, की आमच्या आजीपणजींचं सोवळं म्हणजे जंतुशास्त्रच हो.

त्या वर्षीच्या एळ्ळमावास्येला आम्ही गल्लीतल्या चार घरांना जेवायला बोलावलं. या अमावास्येला इथले शेतकरी बायकापोरांसह शेतात जाऊन जेवतात. आम्ही शहरातले बिनशेताचे लोक अंगणात सतरंज्या घालून तेच समाधान मानतो. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भरली वांगी, शेंगांची चटणी, दही, आणि परातभर पचडी: चिरलेली मेथी, हक्करकी, मुळा, काकडी, वरून दाण्याचं कूट आणि हिंगाची फोडणी. शेजारचे वकीलसाहेब पचडीवर तुटून पडले होते. त्यांची बायको नलिनीअक्का, आमच्याहून वयाने मोठ्या, सगळ्या गल्लीच्या अक्का, म्हणाल्या, "पुरे करा हो. गाय बरी तुमच्यापेक्षा."

"गायीला हिंगाची फोडणी कुठे मिळते?" वकीलसाहेब म्हणाले आणि त्यांनी पुन्हा वाढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी माणसं एकेक करून आडवी झाली. पोटात मुरडा, जुलाब, ताप. सुमती चार दिवस सलाईनवर. वकीलसाहेब आठ दिवस. एकदा तर डॉक्टरांनी नलिनीअक्कांना बाहेर बोलावून काहीतरी हळू आवाजात सांगितलं आणि त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्या वळून माझ्याकडे बघतील म्हणून मी जिन्याकडे गेलो. आजारी पडलेला प्रत्येक जण माझ्या अंगणात जेवला होता. लोक काही बोलत नव्हते. पण यजमानाची लाज फार वाईट. तिला कारण लागतं, आणि ते आपल्या कुंपणाबाहेरचं लागतं.

मी सुमतीच्या शिंकाळ्यातली उरलेली जुडी पिशवीत घालून कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेली. दुसऱ्या दिवशी काचेच्या बशीत त्या गोल वसाहती उगवल्या होत्या. प्रकाशात धरल्या की माशीच्या पाठीवर असते तशी हिरवी, धातूसारखी चमक. ती चमक काय सांगते हे मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं: या पानाला माणसाच्या किंवा जनावराच्या आतड्यातली घाण लागलेली आहे. खरं सांगायचं म्हणून सांगतो, ती चमक पाहून मला आधी आनंद झाला. सापडलं!

शहराच्या नाल्याकाठी काही ठिकाणी सांडपाण्यावर भाज्या काढतात हे इथे सर्वांना माहीत आहे. मी तो नाला उचलला आणि गंगव्वाच्या शेतात नेऊन सोडला. तिचं शेत मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

सुमती अंथरुणावरून म्हणाली, "अहो, पण ती जुडी मी धुतलेली होती."

"धुतल्यावर एवढे निघाले, तर न धुता किती असतील? विचार कर."

ती उशीला टेकून बसली. मग म्हणाली, "शेजारच्या घरांनीही आठवडाभर तिचीच भाजी खाल्ली. जे आपल्याकडे जेवले नाहीत त्यांना कुणाला काही झालं नाही."

"एखाद्याच जुडीत असतं ते. तुला नाही कळायचं."

प्रयोगातला पहिला धडा मी दर वर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहीत असे. ज्याच्यावर संशय आहे ते तपासा, आणि ज्याच्यावर नाही तेही तपासा. शेजारच्या घरातलं तिच्या भाजीचं, आमच्या नळाखाली न गेलेलं एक पान आणि आमच्या नळाचं पेलाभर पाणी. एवढंच करायचं होतं. तीस पावलांचं काम. अंथरुणावरून माझी बायको मला तोच धडा सांगत होती आणि मी तिला गप्प केलं.

संक्रांत चार दिवसांवर आली असताना गंगव्वा आली. मधे आठदहा दिवस तिचा पत्ता नव्हता. ते तर मला पुराव्यासारखंच वाटलं होतं. चेहरा उतरलेला, डोळे आत गेलेले. आल्या आल्या म्हणाली, "काय मास्तर, आज गल्लीला सुट्टी आहे काय? कुणी दारच उघडत नाही."

"गंगव्वा, भाजी कुठल्या पाण्यात धुतेस?"

"पाण्यात धुते. दुधात धुवायला मी काय देसायांची सून आहे?"

"चेष्टा नको. नाल्यात धुतेस?"

तिने बुट्टी उतरवली. ती एकटीनेच उतरवली, मी हात लावला नाही हे तिच्या लक्षात आलं असावं. "नाल्यात? आमच्या बांधावर विहीर आहे, मास्तर. पायऱ्यांची. या की बघायला. अक्कांनाही आणा."

"मी तपासलंय. तुझ्या पानात घाण निघाली. माणसाची घाण."

मी आवाज चढवला नाही. वर्गात बोलतो तसा सावकाश, स्पष्ट बोललो. अशा आवाजावर लोक विश्वास ठेवतात. नलिनीअक्का त्यांच्या फाटकाशी उभ्या होत्या, आणखी दोघीतिघी होत्या. गंगव्वाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्या मागे दारात सुमती शाल पांघरून उभी होती, तिच्याकडे पाहिलं. "अक्का, तुम्हालाही असंच वाटतं?"

सुमती आत गेली.

गंगव्वाने आमच्या वाट्याची जुडी सवयीने काढून कट्ट्यावर ठेवली होती. ती तिने परत उचलली नाही. बुट्टीवर फडकं टाकलं आणि वाकून थांबली. क्षणभरच. वीस वर्षांची सवय, समोरून हात येईल अशी. माझे हात पाठीमागे होते. मग ती खाली बसली, बुट्टी मांडीवर ओढली, मांडीवरून खांद्यावर, खांद्यावरून डोक्यावर. मुळ्याच्या दोन जुड्या रस्त्यावर पडल्या. त्या तिने उचलल्या नाहीत. बर्तीनरी म्हणाली नाही.

आठवड्याभरात खालच्या गल्लीपर्यंत बातमी गेली. कॉलेजातल्या मास्तरांनी यंत्रावर तपासलं म्हणे. त्यानंतर गंगव्वा सप्तापुरात दिसली नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात विश्वासघात हा शब्द मिठासारखा रोज वापरात होता. सुमतीला ती गोष्ट मनाला फार लागली. आजार बरा झाला, हे बरं झालं नाही. मेथी चिरताना ती एकदम थांबायची. "असं कसं हो केलं तिनं? माझ्या हातचं खाल्लं, माझं लुगडं लेकीला नेसवलं, आणि नाल्याचं पाणी पाजलं आम्हाला?" कच्चं काही करणं तिने बंद केलं. कोथिंबीरसुद्धा उकळत्या आमटीत. मी तिच्या होला हो मिळवायचो, आणि तेव्हा ते मनापासून होतं. मलाही फसवल्यासारखं वाटत होतं. त्या स्वच्छ, चकचकीत पानांनी वीस वर्षं माझी फसवणूक केली असं मी समजत होतो. रागात मोठं सुख असतं. राग आला की माणसाला दुसरं काही शोधावं लागत नाही.

मग उन्हाळा आला. पाणी लांबलं, संप तळाला गेला, तेव्हा साफ करून घ्यावा म्हणून मेस्त्रीला बोलावलं. तो शिडीने आत उतरला आणि लगेच वर आला, नाकाला टॉवेल लावून. "मास्तर, इकडे बघा." गुलाबाच्या बाजूच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग होती, बोटाचं पेर जाईल एवढी. काळ्या मातीने ओढून फाडलेली. आणि त्याच मातीतून दोन हातांवरून आमच्या संडासाची मोरी जात होती. तिचाही सांधा निखळलेला. भेगेच्या कडेने हिरवट काळा ओघळ खाली आलेला होता. "इथनं आत येतंय की सगळं. थंडीपासूनच फाटलं असणार," मेस्त्री म्हणाला.

दुपारी सुमती झोपली असताना टाकीच्या तळातलं बाटलीभर पाणी मी प्रयोगशाळेत नेलं. काचेच्या बशीत तीच चमक उगवली. या वेळी मला आनंद झाला नाही.

बशी मी निर्जंतुक केली, धुतली, फडताळात ठेवली. भेग बुजवून घेतली, मोरी बदलली. सुमतीला म्हणालो, "टाकीला जरा गळती होती. झालं आता." ती म्हणाली, "बरं झालं बाई." सांगणार होतो. आधी वाटलं, वकीलसाहेब अजून अशक्त आहेत. मग वाटलं, दोन महिन्यांनी निवृत्ती आहे, निरोपसमारंभ होऊन जाऊ दे. मग वाटलं, गंगव्वा आता येतच नाही, सांगून कुणाचं भलं होणार? एकदा चुकलेल्या माणसाला कारणं फार चांगली सुचतात. पाच वर्षांपूर्वी सुमती गेली. शेवटच्या हिवाळ्यातही खिडकीतून भाजीवाली दिसली की तिचं तोंड कडू व्हायचं. ज्याच्याशी तिने संसार केला त्याच्या खोटेपणाचं ओझं तिने एका परक्या बाईच्या नावावर मरेपर्यंत वागवलं.

हे सगळं मागच्या सोमवारी त्या हातगाडीपाशी पुन्हा उभं राहिलं. संध्याकाळी मी परत गाडीपाशी गेलो. बाईला गाव विचारलं, तर ती त्याच बाजूची निघाली. "गंगव्वा? आहे की. म्हातारी झाली. शेतातच असते दिवसभर."

गुरुवारी बसने गेलो. पंधरा वर्षं जो रस्ता मला चंद्राइतका लांब वाटत होता, तो पाऊण तासाचा निघाला. बांधाबांधाने चालत गेलो. दोन्ही बाजूंना जोंधळा, मधे करडईची काटेरी रोपं, पायाशी हक्करकी. विहीर बांधावरच होती. पायऱ्यांची. खालच्या पायरीशी भाजी धुवायची दगडी डोणी, वापरून गुळगुळीत झालेली, आणि पाण्याचा तळ दिसत होता. जवळपास गाव नाही, नाला नाही. शेवटच्या पायरीवर मी बराच वेळ बसलो. या की बघायला, असं ती म्हणाली होती.

गंगव्वा झोपडीच्या सावलीत शेंगा निवडत होती. केस पार पांढरे. तिने लगेच ओळखलं. उठली नाही.

"बसा, मास्तर. पाणी देऊ? की उकळून देऊ?"

मी म्हणालो, "असंच दे." तिने कळशीतलं दिलं आणि मी संपेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. कोपऱ्यात ती बुट्टी उलटी पडली होती. खाली कोंबडीची पिल्लं कलकलत होती.

मी सांगायला लागलो. टाकी, भेग, मोरी. वाक्यं घरून तयार करून नेली होती, ती एकामागून एक मोडली. तिचे हात शेंगांवरून थांबले नाहीत.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"तुमच्या पाण्यात होतं ते. त्या अमावास्येच्या आदल्या दिवशी तुमच्या मागच्या नळाचं पाणी प्यायले ना, पितळी पेल्यातलं. अमावास्या उलटली आणि आडवी झाले. आठ दिवस उठता आलं नाही. आमच्या घरात सगळे तीच भाजी खातात, उपटून, मातीसकट झटकून. पोरं, सुना, म्हातारा. कुणाला काही नाही. मला एकटीला झालं. तुमच्याकडचं पाणी प्यालेली मी एकटीच. एवढं कळायला शाळा लागत नाही, मास्तर."

मी पस्तीस वर्षं शिकवलेला प्रयोग या बाईने आजारी पडून, अंथरुणावर, बिनचूक केला होता. संशय होता ते तपासलं, संशय नव्हता तेही तपासलं.

"मग त्या दिवशी फाटकात बोलली का नाहीस?"

तिने पहिल्यांदा मान वर केली. "तुम्ही यंत्रावर बघून आला होता. मी पोटात बघून आले होते. गल्लीने कुणाचं ऐकलं असतं?" मग म्हणाली, "अक्का आत गेल्या. मग बोलायचं राहिलंच काय?"

त्यानंतर काय केलंस, हे विचारायचा मला अधिकार नव्हता, तरी विचारलं. दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला गेले, म्हणाली. हुबळीच्या बाजारात काही दिवस बसून पाहिलं, पण तिथेही धारवाडची कुणीतरी भेटायचीच. ओळखीची नजर वाईट असते. सुमती गेल्याचं मी सांगितलं तेव्हा मात्र तिच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"गंगव्वा, माझं चुकलं."

"मला कशाला सांगता? मला कुठे नवीन आहे? ज्यांना सांगितलं होतं त्यांना सांगा." तिने सूप झटकलं. "आणि बस पाच वाजताची आहे. नंतर नाही."

ज्यांना सांगितलं होतं ते आता कुठे आहेत? गल्लीतली निम्मी घरं पाडून वर चार मजले चढले. स्पर्धापरीक्षेची पोरंपोरी एकेका खोलीत तिघंतिघं राहतात. त्यांना मी फाटकाशी उभा राहणारा एक म्हातारा. वकीलसाहेब नाहीत. त्या दिवशी फाटकाशी उभ्या असलेल्यांपैकी एकट्या नलिनीअक्का उरल्या आहेत. पंच्याऐंशी पूर्ण. कानाचं यंत्र किर्र वाजतं म्हणून डबीत ठेवलेलं.

आज सकाळी गेलो. त्या व्हरांड्यात उन्हाला पाय करून बसल्या होत्या.

"अक्का, गंगव्वाच्या भाजीत काही नव्हतं."

"भाजी झाली माझी," त्या म्हणाल्या.

"गंगव्वा! आठवते का?"

"कोण, नाल्याची गंगव्वा?"

गल्लीने तिला हे नाव दिलं आहे, हे मला माहीत नव्हतं. पंधरा वर्षं ते माझ्यामागे चालू होतं. मी जवळ सरकलो आणि ओरडलो, "नाल्याची नव्हे! घाण आमच्या टाकीत होती! आमच्या संडासाची!" जन्मभर वर्गातसुद्धा मी कधी एवढा आवाज काढला नव्हता. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या दोन मुली थांबून बघायला लागल्या. वरच्या खोलीतल्या एकाने कानातल्या वायरी काढल्या. जे मी त्या दिवशी हळू, सुसंस्कृत आवाजात सांगितलं होतं, ते परत घ्यायला आता असं किंचाळावं लागत होतं, आणि तेच बरोबर होतं.

अक्कांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी पाय उन्हातून आत ओढून घेतले.

"म्हणजे आमच्या ह्यांना सलाईन लागलं ते तुझ्या घरच्या पाण्यानं?"

"हो!"

"आणि मी तिला माझ्या फाटकातून हाकलली. दुसऱ्या दिवशी येऊन ती माझ्याकडे रडली होती रे, वसंता. मी म्हटलं, मास्तर खोटं सांगतील काय?" त्या माझ्याकडे वळल्या. "तुला कधी कळलं?"

"त्याच उन्हाळ्यात!"

त्यांनी माझा चेहरा नीट निरखला. डोळे अजून चांगले आहेत त्यांचे. मग विचारलं, "सुमतीला सांगितलं होतंस?"

या वेळी मी ओरडलो नाही. नुसती नकारार्थी मान हलवली. सकाळपासून मी जे काही सांगितलं त्यातलं तेवढंच त्यांना पहिल्या झटक्यात ऐकू गेलं. त्या उठल्या, भिंतीचा आधार घेत आत गेल्या, आणि दार लावून घेतलं.